प्रश्न तुमचे: चार्ट शांत, पाउच हलके

प्रश्न : आमच्याकडे हळद पावडर चार हेडच्या (भरणाऱ्या तोंडांच्या) ऑगर फिलरवर (फिरत्या स्क्रूने पावडर ढकलून भरणाऱ्या यंत्रावर) १०० ग्रॅमच्या पाउचमध्ये भरली जाते. दर अर्ध्या तासाला प्रत्येक हेडचा एक, असे चार पाउच तोलून कंट्रोल चार्ट (गटांची सरासरी आणि रेंज मर्यादारेषांसह दाखवणारा आलेख) भरतो. सरासरी १००.४, सरासरी रेंज (गटातल्या सर्वांत जड आणि हलक्या पाउचमधला फरक) ३.६ ग्रॅम. सगळे बिंदू मधल्या रेषेजवळ, तरी कमी वजनाच्या तक्रारी येतात. असे का? (एक वाचक, सांगली)

उत्तर : इतका शांत चार्टच संशयास्पद आहे. चाराच्या गटासाठी तक्त्यातला गुणक ०.७२९; त्याने सरासरी रेंजला गुणले की तुमच्या मर्यादा १००.४ ± २.६. सलग १५ बिंदू या पट्ट्याच्या मधल्या तिसऱ्या भागात पडले, तर गट चुकीचा बांधला आहे असे समजा. चारही हेड एका गटात आल्याने हेडाहेडांतला फरक रेंजमध्ये शिरला आणि मर्यादा फुगल्या. एक हेड ९८.६ आणि दुसरे १०२.१ भरत असेल, तरी सरासरीला त्याचा पत्ता लागत नाही.

आधी वजनकाटा तपासा. एकच पाउच दहा वेळा ठेवून पाहा, रिकाम्या पाउचचे वजन वजा होते ना तेही बघा. मग प्रत्येक हेडचा वेगळा चार्ट सुरू करा: एकाच हेडचे सलग पाच पाउच, असे २५ गट. पाचाच्या गटाला गुणक ०.५७७. सरासरी रेंज १.२ आली तर मर्यादा ± ०.६९, आणि रेंजची वरची मर्यादा २.११४ × १.२ = २.५४ ग्रॅम. रेंजचा चार्ट आधी वाचा. तो बेताल असेल, म्हणजे बिंदू मर्यादेबाहेर जात असतील, तर सरासरीच्या मर्यादांना अर्थ नाही.

चार्टवरच्या शेऱ्याच्या रकान्यात नवा लॉट, हॉपर (यंत्रावरची पावडरीची टाकी) भरल्याची वेळ आणि पाळी लिहायलाच हवी, बहुतेक कारखान्यांत तो कोराच असतो. ऑगर वजन नव्हे, आकारमान मोजतो. त्यामुळे दळण बारीक-जाड झाले की सरासरी सरकते. फक्त रेंज उसळली तर हॉपरची पातळी आणि दमट पावडरीच्या गुठळ्या बघा.

प्रश्न : पाउच हलका आला की ऑपरेटर लगेच सेटिंग वाढवतो. चालेल का?

उत्तर : नाही. मर्यादेतल्या प्रत्येक चढउताराची पुरती भरपाई केली, तर प्रमाणित विचलन (वजनांच्या पसाऱ्याचे माप) सुमारे १.४ पट होते. बिंदू मर्यादेबाहेर गेला किंवा सलग आठ बिंदू रेषेच्या एकाच बाजूला आले, तरच कारण शोधून हात लावावा.