बिलिरुबिन पेशीचं आवरण विरघळवत नाही, त्यात रुतून बसतं

तुम्ही विचारलंय की पित्त साबणासारखं काम करतं, मग काविळीत वाढलेलं बिलिरुबिन पेशींची आवरणं विरघळवतं का, आणि मेंदूची काळजी तान्ह्या बाळांच्याच बाबतीत एवढी का करतात. मी पुण्यात जीवरसायनशास्त्र शिकवते. दोन वर्षांपूर्वी बहिणीचं बाळ तिसऱ्या दिवशी पिवळं पडलं, तेव्हा घरी हेच समजावून सांगत बसले होते.

आधी एक गल्लत दूर करते. साबणासारखं काम करतात ते पित्तक्षार. ते कोलेस्टेरॉलपासून बनतात आणि जेवणातलं तूप-तेल फोडतात. बिलिरुबिन हे पित्तातलं रंगद्रव्य. जुन्या तांबड्या पेशी मोडल्या की त्यांच्यातल्या हिमोग्लोबिनपासून ते तयार होतं, १ ग्रॅममागे साधारण ३५ मिलिग्रॅम. मोठ्यांची तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते, नवजात बाळाची ७० ते ९०. बाळाकडे या पेशी जास्त आणि यकृत अजून सरावलेलं नाही, म्हणून बहुतेक बाळं थोडी पिवळी होतातच.

आता हळदीचा डाग आठवा. नुसत्या पाण्याने तो हटत नाही, कारण हळदीचा रंग पाण्यात नाही, तेलात उतरतो. बिलिरुबिनची जात तीच. खरं तर त्याच्या रेणूत पाण्याशी जमवून घेणारे दोन आम्लगट आहेत, पण सहा हायड्रोजन बंधांनी ते आतल्या आत अडकलेत. मिटलेली मूठच म्हणा. पाण्याला धरायला बोटं मोकळी नाहीत. म्हणून रक्तात ते अल्ब्युमिन नावाच्या प्रथिनाच्या पाठीवर बसून यकृतापर्यंत जातं. तिथे त्याला ग्लुकुरोनिक आम्ल जोडलं जातं, मूठ उघडते आणि ते पित्तावाटे बाहेर पडतं. पित्तनलिकेत खडा अडकून मोठ्या माणसाला कावीळ होते तेव्हा रक्तात मुख्यतः हे मूठ उघडलेलं बिलिरुबिन साठतं. डोळे पिवळेधमक होतात, पण ते मेंदूत सहसा शिरत नाही.

धोका आहे तो यकृतातून न गेलेल्या आणि अल्ब्युमिनवर जागा न मिळालेल्या सुट्या बिलिरुबिनचा. पेशीचं आवरण म्हणजे मुख्यतः फॉस्फोलिपिड नावाच्या स्निग्ध रेणूंचा दुपदरी थर, डोकी पाण्याकडे आणि शेपट्या आत. बिलिरुबिन मुख्यतः डोकी आणि शेपट्या जिथे जुळतात त्या सांध्याशी रुततं. शिस्तीत उभ्या असलेल्या रेणूंची रचना त्याने ढळते, थराचा सैलपणा बदलतो, त्यात रोवलेल्या प्रथिनांची ठेवण बिघडते. तांबड्या पेशींवरच्या प्रयोगांत हे डोळ्यांना दिसतं. आवरणातलं कोलेस्टेरॉल आणि फॉस्फोलिपिड सुटू लागतं आणि बशीसारखी गुळगुळीत पेशी काटेरी होते. फॉस्फॅटिडिलसेरिन नावाचा रेणू एरवी आतल्या पदरात असतो, तो बाहेरच्या पदरात येतो. भक्षक पेशींसाठी तो 'मला उचला' असा इशाराच असतो. चेतापेशींत हाच प्रकार मायटोकॉन्ड्रियाच्या, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या भागांच्या, आवरणावर होतो. ते गळू लागतं, सायटोक्रोम सी नावाचं प्रथिन बाहेर पडतं आणि पेशी मरणाच्या वाटेला लागते.

रिपोर्टवरचा बिलिरुबिनचा एकूण आकडा पुरेसा का नाही, तेही यातूनच कळतं. रक्ताची आम्लता वाढली की बिलिरुबिन पाण्यात आणखी कमी विरघळतं आणि आवरणांवर साचतं. म्हणून अपुऱ्या दिवसांचं, जंतुसंसर्ग झालेलं किंवा श्वास नीट न घेणारं बाळ कमी आकड्यालाही धोक्यात असतं. १९५६ साली याचा फार दुःखद पुरावा मिळाला. अपुऱ्या दिवसांच्या काही बाळांना संसर्ग होऊ नये म्हणून पेनिसिलिनबरोबर एक सल्फा औषध दिलं होतं. त्यांच्या रक्तातलं बिलिरुबिन वेगळं औषध दिलेल्या दुसऱ्या गटापेक्षा कमी निघालं, पण मेंदूत ते साचून मृत्यू जास्त झाले. औषधाने अल्ब्युमिनवरची जागा बळकावली होती. ही गोष्ट शिकवताना मला दर वेळी थांबावं लागतं.

आमच्या बाळाच्या वेळी कोथरूडच्या गॅलरीत कोवळं ऊन येत होतं आणि आत्या म्हणत होती, "उन्हात धर गं, हळदीचा डागसुद्धा उन्हात उडतो." तिच्या बोलण्यात तथ्य होतं. १९५०च्या दशकात इंग्लंडमधल्या रॉचफर्डच्या रुग्णालयात सिस्टर जीन वॉर्ड यांना हेच दिसलं होतं. उन्हात ठेवलेल्या बाळाचं अंग फिकं झालं आणि चादरीखाली झाकलेला भाग तेवढा पिवळा राहिला. १९५८मध्ये तिथल्याच डॉक्टरांनी प्रकाशोपचारावरचा लेख छापला. निळा प्रकाश बिलिरुबिनच्या रेणूला असा पीळ देतो की आतले बंध सुटतात. यकृताची मदत न घेता मूठ उघडते आणि ते पित्तावाटे, लघवीवाटे निघून जातं.

पण गॅलरीतल्या उन्हात निळा प्रकाश किती मिळाला ते मोजता येत नाही, उघडं बाळ गारठतं किंवा भाजतं, आणि या भरवशावर तपासणी लांबते. आत्याला मी एवढंच म्हटलं, "आत्या, तू म्हणतेस तोच उपाय करायचाय, फक्त मोजून." दोन दिवस बाळ लाइटखाली राहिलं, आकडा उतरला. मेंदूत बिलिरुबिनचा फटका ऐकण्याच्या मार्गाला लवकर बसतो, म्हणून पुढे त्याची श्रवणाची बेरा चाचणीही केली. ती चांगली आली. तुमच्या घरी बाळ पिवळं दिसत असेल आणि दूध ओढत नसेल, सारखं झोपत असेल, किंवा किंचाळल्यासारखं रडून मान मागे ताणत असेल, तर उत्तरं वाचत बसू नका, आत्ताच्या आत्ता त्याला दवाखान्यात न्या.