वजन नॉर्मल आहे पण शुगर काठावर आलीये, डाएटिशियनकडे जायची खरंच गरज आहे का?

तुम्ही लिहिलंय की वय 34, उंची 170 सेंटिमीटर, वजन 64, हिंजवडीत नोकरी, ऑफिसच्या चेकअपमध्ये एचबीएवनसी (मागच्या दोन-तीन महिन्यांच्या शुगरची सरासरी दाखवणारी रक्ताची टेस्ट) 6.1 आलं, डॉक्टर म्हणाले गोड कमी करा आणि तीन महिन्यांनी परत टेस्ट करा. आणि तुमचा प्रश्न असा की मी जाड नाही, गोड तसंही फारसं खात नाही, मग डाएटिशियनकडे जाऊ की यूट्यूब बघून जमेल.

जा. आणि तीन महिने संपायची वाट बघू नका.

आधी ते "मी जाड नाही" बद्दल बोलते, कारण आपल्याकडे सगळे इथेच फसतात. 5.7 ते 6.4 म्हणजे प्रीडायबेटिस, 6.5 पासून पुढे डायबेटिस, म्हणजे तुम्ही काठावर आहात, आणि तुमचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, साधारण 22 येतो जो कागदावर एकदम छान दिसतो. पण आपल्याच पुण्यात, रास्ता पेठेतल्या केईएम हॉस्पिटलमधले डॉ. याज्ञिक यांनी या विषयावर कितीतरी वर्षं काम केलंय. 2004 मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात त्यांचा स्वतःचा आणि यडकिन नावाच्या त्यांच्या ब्रिटिश सहकाऱ्याचा शेजारी शेजारी फोटो छापून आला होता, दोघांचाही बीएमआय 22.3, पण अंगातली चरबी यडकिन यांची 9.1 टक्के आणि याज्ञिकांची 21.2 टक्के! दिसायला बारीक पण आतून चरबी जास्त, याला ते थिन-फॅट म्हणतात आणि आपल्या लोकांमध्ये हे खूप दिसतं. त्यामुळे वजनकाट्यावर विसंबू नका, आज घरी टेप घेऊन पोटाचा घेर मोजा, पुरुषांसाठी 90 सेंटिमीटरच्या वर गेला की सावध व्हायचं, बायकांसाठी 80.

आता मी हे एवढं ठामपणे का सांगतेय ते सांगते. माझ्या मिस्टरांना डायबेटिस आहे, मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड या दोन्ही गोळ्या चालू होत्या. पाच वर्षांपूर्वी आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर दिवसातून दोनदाच जेवायचं असं काहीतरी जोरात चालू होतं, काहींना फायदाही झाला होता, ह्यांनी डॉक्टरांना न विचारता सुरू केलं आणि गोळी मात्र तशीच सकाळची सकाळी. पंधरा-वीस दिवस बरं चाललं. मग एक दिवस दुपारी नळ स्टॉपपाशी गाडी बाजूला लावून मला फोन, की हात थरथरतायत, घाम फुटलाय, समोरचं नीट दिसत नाहीये. शेजारच्या मेडिकलवाल्याने मशीनवर बघितलं तर शुगर 58, म्हणजे फारच खाली. त्यानेच पाण्यात चार चमचे साखर ढवळून पाजली, पंधरा मिनिटांनी परत तपासली तेव्हा कुठे बरं वाटलं. ग्लिमेपिराइड सारख्या गोळ्या शरीराला इन्सुलिन सोडायला लावतात, तुम्ही जेवलात का नाही हे गोळीला कळत नाही. गाडी चालवताना चक्कर आली असती तर काय झालं असतं हा विचार आजही येतो. डॉक्टरांनी गोळी कमी केली आणि डाएटिशियनकडे पाठवलं.

आम्हाला त्या बाईंनी पहिल्या भेटीला घरची वरणाची वाटी आणि पळी घेऊन यायला सांगितलं होतं. मी पिशवीत घालून नेली. त्यांनी वाटीत पाणी ओतून माप घेतलं, मग विचारलं की चौघांच्या वरणाला तूरडाळ किती लावता. मी म्हटलं साधारण 100 ग्रॅम. त्यांनी कागदावर भागाकार करून दाखवला, माणशी 25 ग्रॅम डाळ, म्हणजे पाच-साडेपाच ग्रॅम प्रोटीन. आणि ह्यांचं वजन 72, किलोमागे 0.83 ग्रॅम धरलं तर दिवसाला 60 ग्रॅम प्रोटीन लागणार. आम्ही वीस वर्षं समजत होतो की रोज वरण होतं म्हणजे प्रोटीनचा प्रश्नच नाही. मग महिन्याला तेल किती लागतं, पाच लिटरचा डबा किती दिवस पुरतो, संकष्टीला काय खाता (साबुदाणा जवळजवळ नुसता स्टार्च, त्यात प्रोटीन नावालाच), चहा किती वेळा आणि कुठल्या कपाने. चाळीस मिनिटांत एकदाही "हे बंद करा" म्हणाल्या नाहीत. साबुदाणा निम्मा केला, दही आणि दाणे वाढवले, भाताआधी कोशिंबीर आणि उसळ, आणि गोळ्यांची वेळ जेवणाच्या वेळेशी जुळते का ते डॉक्टरांना फोन करून स्वतः विचारलं. यूट्यूबवाल्याला तुमची वाटी केवढी आहे ते माहीत नसतं, तुमच्या गोळ्याही माहीत नसतात.

माझ्या मते कधी जायचं ते ओळखायची खूण ही, की "काय खाऊ नको" ची यादी वाढत चाललीये आणि "मग खाऊ काय" ते कळत नाहीये. आधी साखर सोडली, मग भात सोडला, मग कोणीतरी म्हणालं गहू वाईट, मग फळंही बंद, ताट रिकामं होत चाललंय आणि रिपोर्ट तिथेच. तुमच्या प्रश्नात मला तेच दिसलं. तुम्ही लिहिलंय की सकाळी पोहे, दुपारी कॅन्टीन, पाचला वडापाव किंवा बिस्किटं, मग ट्रॅफिकमधून घरी पोचून साडेदहाला जेवण. यात "गोड" कुठेच नाही, म्हणजे डॉक्टरांचं ते एक वाक्य तुमच्या काही कामाचं नाही, पण दिवसभर पोहे, पाव, पोळी, भात असं पिठूळच चाललंय आणि उशिरा जेवून लगेच झोप. नक्की कशाला हात लावायचा हे बसून बघणारं माणूस लागतं.

किडनीचा रिपोर्ट बिघडलाय, गरोदरपण, मुलाचं वजन वाढत नाही, रक्त पातळ करायची वॉरफेरिनची गोळी चालू आहे (पालेभाज्या एकदम वाढवल्या तरी तिचं गणित हलतं), तेव्हा तर स्वतःचे प्रयोग अजिबातच नकोत. शहाळं सगळ्यांना चांगलं म्हणून लोक किडनीच्या पेशंटलाही नेऊन देतात, पण त्यात पोटॅशियम भरपूर असतं.

पण कधी कधी आधी डॉक्टरच लागतो, हे मी स्वतः चुकून शिकले. मला सतत थकवा, पायाला मुंग्या, आणि मी आठ महिने खजूर, बीट, गूळ-दाणे खात बसले. शेवटी टेस्ट केली तर व्हिटॅमिन बी12 126, म्हणजे खूपच कमी. आम्ही पूर्ण शाकाहारी, बी12 झाडपाल्यातून मिळतच नाही, दूध-दह्यातून थोडंफार येतं तेवढंच. एवढं खाली गेलेलं खाण्याने भरून येणार नव्हतं, इंजेक्शनं घ्यावी लागली. पुण्यातल्या शाकाहारी लोकांमध्ये हे किती पसरलंय यावरही केईएमच्या त्याच टीमचं काम आहे. मेटफॉर्मिननेही बी12 कमी होतं, मग ह्यांचंही तपासून घेतलं. तसंच काही न करता सहा महिन्यांत वजन पाच टक्के उतरलं (तुमच्या बाबतीत तीन किलोच्या वर), गिळताना त्रास, शौचातून रक्त, सारखी तहान आणि सारखी लघवी, यात डाएट चार्ट मागायला जाऊ नका, सरळ डॉक्टर गाठा.

अजून एक, जे घरात लवकर लक्षात येत नाही. माझी भाची इथे शिकायला होती, आधी पोळी मोजून, मग तोलून, मग मैत्रिणींबरोबर बाहेर जाणंच बंद, कारण बाहेर काय खाल्लं ते मोजता येत नाही. आम्ही सगळे कौतुक करत होतो किती कंट्रोल आहे पोरीचा. तीन महिने पाळी चुकली तेव्हा तिच्या आईला कळलं. तिला डॉक्टर, मानसोपचारतज्ज्ञ आणि डाएटिशियन तिघांची मिळून मदत लागली. आता बरी आहे. खाण्याची भीती वाटायला लागली की तो विषय इच्छाशक्तीचा राहत नाही, कृपा करून अशा मुलीला उपदेश करू नका.

निवडताना एवढं बघा. न्यूट्रिशनिस्ट अशी पाटी आपल्याकडे कोणीही लावतो, आठवड्याचा कोर्स करूनही. शिक्षण विचारा, फूड अँड न्यूट्रिशन किंवा डायटेटिक्समधली पदवी, आणि नावापुढे आरडी म्हणजे रजिस्टर्ड डाएटिशियन असेल तर ती इंडियन डायटेटिक असोसिएशनची परीक्षा देऊन मिळते. विचारायला लाजू नका. रिपोर्ट न बघता छापील चार्ट हातात ठेवणारे, महिन्यात दहा किलोची गॅरंटी देणारे, आणि स्वतःच पावडरचे डबे विकणारे, यांच्याकडून उठून या. मोठ्या हॉस्पिटलच्या ओपीडीत डाएटिशियन असतात, तिथे डॉक्टर आणि त्या एकमेकांशी बोलू शकतात हा मोठा फायदा. फॉलोअपची फी पहिल्याच फोनवर विचारून घ्या, कारण खरं काम दुसऱ्या-तिसऱ्या भेटीत होतं.

आणि घाई करा म्हणतेय ते यासाठी की एचबीएवनसीमध्ये मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी दिसते. तुम्ही अडीच महिने व्हिडिओ बघण्यात घालवले आणि शेवटच्या पंधरा दिवसांत सुरू केलंत तर रिपोर्टमध्ये फारसं काही दिसणार नाही आणि तुम्हाला वाटेल की काही उपयोग नाही. याच आठवड्यात अपॉइंटमेंट घ्या. जाताना रिपोर्ट, चालू असतील त्या सगळ्या गोळ्या, आणि तीन दिवस जे जे पोटात गेलं ते वेळेसकट लिहून न्या, त्यातला एक दिवस रविवार असू दे, मिसळ खाल्ली असेल तर मिसळ लिहा, पाव किती तेही. उद्या सकाळच्या पहिल्या चहापासूनच सुरू करा, साखर किती चमचे होती ते धरून.