खेळाच्या कपड्यांत दिवे बसवायचे तर कोणते, कुठे आणि धुण्याचं काय?

तुम्हाला धावण्याच्या जॅकेट-पँटमध्ये कायमचे एलईडी शिवायचे आहेत. कोणते घ्यावेत, कुठे लावावेत आणि कपडा धुवायचा कसा, असं विचारलंय. 'कोणते'चं उत्तर दोन ओळींचं आहे, ते शेवटी देते. 'कुठे' वाचून मात्र माझी जुनी खपली निघाली, म्हणून आधी तेच.

मी पॅटर्न मास्तर आहे, म्हणजे कपडा बेतायचे नमुने काढते. बाई असले तरी मास्तरच म्हणतात. काही वर्षांपूर्वी आम्ही असंच एक जॅकेट करत होतो. काळं कापड आणि छातीवर आडवी पांढऱ्या प्रकाशाची पट्टी. खोलीतले दिवे बंद करून पहिला नमुना दाखवला तेव्हा सगळ्यांनी मोबाइल काढून फोटो घेतले. डिझाइन प्रमुख खूश. मी विचारलं, "रस्त्यावर बघितलंय का कोणी?" कोणी बघितलं नव्हतं.

मग एका रात्री, दिवे नसलेल्या रिकाम्या रस्त्यावर, आमचा इलेक्ट्रॉनिक्सवाला मुलगा ते जॅकेट घालून समोरून पळत आला. मी गाडीत ड्रायव्हरच्या शेजारी. त्याला एवढंच सांगितलं होतं, की काय दिसतंय ते बोलत राहा. "समोर दिवा आहे." बराच वेळ काही नाही. "स्कूटर असेल." आणखी पुढे गेल्यावर, "नाही, उभी आहे वाटतं." आणि एकदम, "अरे, माणूस आहे!" कधी कळलं? आमच्या हेडलाइटचा उजेड त्याच्या बुटांवरच्या बोटभर चकाकत्या पट्ट्यांवर पडला तेव्हा. छातीवर एवढा उजेड, आणि माणूस ओळखला तो बुटांवरून.

दिवा दिसणं वेगळं आणि माणूस दिसणं वेगळं, एवढंच मला सांगायचंय. अंधारात एकटा दिवा कशाचाही असू शकतो. ताशी 60 किलोमीटरने जाणारी गाडी सेकंदाला साडेसोळा मीटर पुढे सरकते. ड्रायव्हरला उमगून पाय ब्रेकवर जाईपर्यंत दीड सेकंद धरा, म्हणजे 25 मीटर गेले. कोरड्या रस्त्यावर थांबायला आणखी वीसेक लागतात. "स्कूटर असेल का" हा विचार याच मीटरांतून वजा होतो.

माझ्या पिशवीत इलॅस्टिकचे तुकडे होते, मुलाकडे जादा एलईडी पट्ट्या. दोन्ही घोट्यांना आणि दोन्ही मनगटांना बांधल्या, छातीची पट्टी बंद केली आणि पुन्हा पळवलं. या वेळी हेडलाइट पोचायच्या कितीतरी आधीच ड्रायव्हर म्हणाला, "पळतोय बघा." दिवा आहे असं म्हणालाच नाही.

हा काही माझा शोध नाही. स्वीडनच्या गुन्नार योहान्सन यांनी 1973 मध्ये हेच दाखवलं. माणसाच्या सांध्यांवर दहा-बारा दिवे, बाकी सगळा काळोख. तो स्थिर असला की नुसते विखुरलेले ठिपके; चालायला लागला की बघणाऱ्याला क्षणात माणूस कळतो. धावताना धड जवळजवळ सरळ पुढे सरकतं, हलतात ते हातपाय. म्हणून दिवेही हातापायांवर.

मीटिंगमध्ये मी हे सगळं मांडलं. डिझाइन प्रमुख हसून म्हणाले, "ताई, हे पैंजण कोणाच्या पायांत घालायचे?" सगळे हसले. इलेक्ट्रॉनिक्सवालाही हसला, ज्याला मी रात्री त्या रस्त्यावर स्वतःचा स्वेटर दिला होता. जॅकेट छातीच्या पट्टीसकट बाजारात गेलं. फोटोत छान दिसतं. तुमचा कपडा फोटोसाठी असेल तर इथेच थांबा, छातीवर लावा आणि मोकळे व्हा.

आता माझी फजिती. जिद्दीने मी घरी पँट शिवली. बॅटरी कमरेत, तार बाजूच्या शिवणीतून घोट्यापर्यंत. धावणारा मिनिटाला 160 ते 180 पावलं टाकतो, म्हणजे अर्ध्या तासात एकेक गुडघा अडीच हजारदा वाकतो. तार महिनाभरही टिकली नाही. तुटली तीही मध्ये नाही, सोल्डरच्या अगदी लगत, जिथे मऊ तार एकदम कडक होते तिथे. पुढच्या पँटला तारेऐवजी वीज वाहून नेणारा, चांदीचा मुलामा दिलेला नायलॉनचा दोरा वापरला. घाम आणि धुण्याने तो मुलामा झिजला, दोऱ्याचा रोध वाढला, टोकापर्यंत व्होल्ट कमी पोचायला लागले आणि तिथले दिवे मेले. गंमत म्हणजे लाल जिवंत राहिले आणि पांढरे गेले, कारण लाल एलईडीला साधारण 2 व्होल्ट पुरतात, पांढऱ्याला 3 च्या आसपास लागतात. "गुडघ्यावरून तार नेणार कशी?" हे प्रमुखांनी त्याच मीटिंगमध्ये विचारलं होतं. पैंजणांच्या हशात माझ्याकडून ते ऐकायचं राहिलं.

त्यामुळे माझं आताचं मत: सांध्यावरून तार नेऊच नका. प्रत्येक घोट्याला आपापली छोटी बॅटरी असलेली पट्टी, आणि ती अडकवायला पँटमध्ये शिवलेला बोगदा. धुताना दिवे बाहेर काढायचे, म्हणजे तुमचा धुण्याचा प्रश्नच मिटला. ही 'कायमची' पद्धत नाही, माहीत आहे. धडावर तार नेणारच असाल तर कापड पूर्ण ताणून, त्या लांबीला पुरेल अशी नागमोडी तार झिगझॅग टाक्याखाली बसवा. शिवणीला माया सोडतो तशी तारेलाही सोडा. बॅटरी पाठीवर, दोन खांद्यांच्या मध्ये. जॅकेटच्या घेराला लावली तर पावलागणिक आपटत राहते.

आणि चकाकती पट्टी काढून टाकू नका. आपण तिला रेडियमची पट्टी म्हणतो, तिच्यात रेडियम औषधालाही नाही. बारीक काचेचे मणी असतात आणि ते उजेड आला त्याच दिशेला परत पाठवतात. म्हणूनच हेडलाइट अंगावर पडली नाही, म्हणजे वळणावर किंवा बाजूच्या रस्त्याने गाडी आली, तर ती मुकी. तिथे तुमचे दिवे हवेत. पोपटी फ्लोरोसंट कापडाच्या भरवशावर तर रात्री अजिबात राहू नका, त्याची करामत दिवसाच्या उजेडातली.

एलईडी: पुढे पांढरे, मागे लाल, रुंद कोनात उजेड टाकणारे, आणि घोट्यावर तरी लुकलुकणारे नकोत. लुकलुकणारा दिवा लक्ष वेधतो, पण किती लांब आहे ते कळू देत नाही. 500 मिलिअँपिअर-तासांच्या बॅटरीवर 20 मिलिअँपिअरचे सहा दिवे चारेक तास चालतात, एवढं पुरे.

एक सांगायचं राहिलं. आमच्या चाचणीत ड्रायव्हर एकच होता आणि दुसऱ्या फेरीला समोर माणूस आहे हे त्याला माहीत होतं. म्हणजे ती काही पक्की चाचणी नाही. तुम्ही करणार असाल तर ड्रायव्हरला काही न सांगता आधी घोट्याच्या दिव्यांची फेरी मारा, मग छातीची. तो काय म्हणाला ते शब्द न बदलता मला कळवा. एका माणसाला वाचून दाखवायचंय.