वाचकांचे प्रश्न : बॅलेचा क्लास लावताना

प्रश्न : माझी मुलगी 7 वर्षांची असून तिला बॅले हे पाश्चात्त्य नृत्य शिकण्याची फार ओढ आहे. आमच्याकडे एका सभागृहात लहानांसाठी व मोठ्यांसाठी असा क्लास नुकताच सुरू झाला आहे. सहा महिन्यांत मुली बोटांच्या टोकांवर उभ्या राहतील, असे तेथे सांगितले गेले. तिला पाठवावे का? माझे वय 38 आहे. मीही शिकू शकेन का, की लोक हसतील?
– एक आई, परभणी

उत्तर : मुलीला बॅले अवश्य शिकू द्यावे, मात्र सहा महिन्यांचे ते आश्वासन वाचून मला काळजी वाटली, म्हणून त्याविषयी आधी लिहिते. चवड्यांवर उभे राहणे वेगळे आणि बोटांच्या टोकांवर उभे राहणे वेगळे. दुसऱ्या प्रकारासाठी जे पॉइंट शूज लागतात, त्यांचे टोक कापड व कागदाचे थर खळीने चिकटवून टणक केलेले असते आणि सगळ्या शरीराचा भार तेवढ्याशा जागेवर येतो. सात वर्षांच्या मुलीच्या पावलांची हाडे अजून वाढत असतात, घोट्यात पुरेसे बळ आलेले नसते. म्हणून साधारणपणे 11-12 वर्षांच्या आधी, आणि तेही काही वर्षांच्या नियमित सरावाशिवाय, जाणते शिक्षक हे बूट मुलीच्या पायांत घालू देत नाहीत. या वयात मऊ चपट्या बुटांत, भिंतीलगतच्या दांडीला धरून, गुडघे वाकवण्याचा 'प्लीए', पावलांच्या पाच मूळ स्थिती आणि उडी मारून आवाज न करता खाली येणे एवढे नीट जमले तरी खूप झाले.

क्लास पाहायला जाल तेव्हा शिक्षकांची नजर मुलींच्या गुडघ्यांवर आहे का, हे पाहावे. बॅलेत पाय बाहेर वळवायचा असतो, तो खुब्यातून. नुसते पाऊल ओढून वळवले, तर गुडघ्याला पीळ बसतो. भरतनाट्यमच्या अरमंडीतही, म्हणजे गुडघे बाहेर वळवून अर्धे बसण्याच्या स्थितीतही, हीच काळजी घेतात.

दुसरी गोष्ट फरशीची. आपल्याकडची बहुतेक सभागृहे काँक्रीटवर शहाबादी किंवा टाइल्स बसवलेली असतात आणि अशा जमिनीवर रोज उड्या मारल्या, तर त्याचा हिसका नडगीला व गुडघ्याला बसतो. नृत्यासाठीची जमीन लाकडी असते, खाली पट्ट्या ठोकून पोकळी ठेवलेली असते, म्हणून ती किंचित लवते. वर पाय घसरू नये असे आवरण असते. अशी जमीन नसेल, तर उड्या टाळून बाकीचा सराव घ्यावा, अशी विनंती शिक्षकांना स्पष्टपणे करावी. सतरंजी अंथरणे हा त्यावरचा उपाय नव्हे; ती सरकते आणि घोटा मुरगळतो.

आपल्याविषयी सांगायचे, तर 38 व्या वर्षी बॅले जरूर सुरू करता येते. मोठ्यांच्या वर्गातही आधी दांडीजवळचा सराव आणि मग मोकळ्या जागेतला, असाच क्रम असतो. अंग मुलांइतके लवचीक नसते, पण सूचना लवकर उमगतात. गुडघ्याचे वा कमरेचे दुखणे असेल, तर आधी डॉक्टरांना विचारावे. कपड्यांसाठी वेगळा खर्च नको. अंगालगत टी-शर्ट आणि लेगिंग्ज पुरेत, कारण सैल सलवारीत गुडघा झाकला जातो आणि शिक्षकांना चूक दिसत नाही.

लोकांच्या हसण्याचे म्हणाल, तर रशियन नर्तकी ॲना पाव्हलोव्हा यांनी आपल्याच अजिंठ्याच्या भित्तिचित्रांवरून 1923 मध्ये एक बॅले रंगमंचावर आणला होता. हे नृत्य मराठवाड्याला वाटते तितके परके नाही.

प्रश्न : माझ्या 10 वर्षांच्या मुलाला बॅले शिकायचे आहे. हा मुलींचा नाच आहे, असे नातेवाईक म्हणतात.
– एक वडील, नांदेड

उत्तर : फ्रान्सचा राजा चौदावा लुई स्वतः बॅले नाचत असे, त्यानेच 1661 मध्ये पॅरिसला नृत्याची अकादमी स्थापन केली. तुळजाभवानीच्या गोंधळात संबळावर पुरुषच नाचतात, तेव्हा कोणी असे म्हणत नाही. मुलांना सहसा पॉइंट शूज घालावे लागत नाहीत. त्यांचा भर उंच उड्या, गिरक्या आणि पुढे मोठेपणी जोडीदाराला उचलणे यांवर असतो. त्याला एकट्याला अवघडल्यासारखे होऊ नये, म्हणून आणखी एखादा मुलगा असलेली वेळ शिक्षकांकडे मागून घ्यावी.