पुळणीवरची होडी आणि बारावीतली लेक

हर्णैहून एका वडिलांनी लिहिलंय: त्यांची जुनी फायबरची होडी चार वर्षं पुळणीवर पडून आहे, भंगारवालाही हात लावत नाही. बारावी सायन्सची मुलगी म्हणते, 'पुन्हा वापरता येईल असं फायबर मी शोधणार.' घरचे म्हणतात, कॉम्प्युटरला जा. वडिलांचा प्रश्न सरळ आहे: यावर पोट भरेल का?

सप्रेम नमस्कार,

आधी भंगारवाल्याचं. गूळ वितळवून पुन्हा ढेप पाडता येते, भाजलेल्या भाकरीचं पुन्हा पीठ होत नाही. तुमची प्लॅस्टिकची बादली गुळाच्या जातीची, होडीचं रेझिन, म्हणजे फायबरचे धागे धरून ठेवणारा घट्ट झालेला चिकट द्रव, भाकरीच्या. त्याला थर्मोसेट म्हणतात. हार्डनर घातल्यावर डबा गरम होतो आणि उरलेलं रेझिन ब्रशसकट दगड होतं, हे तुम्ही दुरुस्तीच्या वेळी पाहिलं असेलच. रेणूंच्या गाठी कायमच्या बसतात, म्हणून होडी वितळत नाही.

मुलगी हवेत बोलत नाहीये. 2011 मध्ये पॅरिसला लुडविक लाइब्लर या शास्त्रज्ञाच्या गटाने व्हिट्रिमर नावाची नवी प्लॅस्टिकं दाखवली: तापवलं की गाठी जागा बदलतात, पण जाळं सुटत नाही. 2020 मध्ये अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठात ट्रक-बसच्या भागांना लागणाऱ्या एका थर्मोसेटात दहा टक्क्यांच्या आसपास वेगळा, सहज तुटणारा घटक मिसळला. मजबुती टिकली आणि ठराविक रसायनात ते विरघळलंही. गंमत म्हणजे तो कच्चा दुवा गाठीत घालून भागत नाही, दोन गाठींमधल्या धाग्यात घालावा लागतो. जाळी विणणाऱ्या घराला हे मी काय समजावू!

आता पोटाचं. संशोधक व्हायचं तर बारावीनंतर नऊ-दहा वर्षं धरा. बी.एस्सी. केमिस्ट्री रत्नागिरीतही होते. पुढे जॅम ही एम.एस्सी.ची प्रवेश परीक्षा देऊन एम.एस्सी., मग नेट ही संशोधन फेलोशिपची परीक्षा. फेलोशिप मिळाली तर पीएचडीला दरमहा विद्यावेतन असतं आणि पुण्याची एनसीएल, म्हणजे राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा, त्यासाठी उत्तम. एवढा धीर नसेल तर सीईटी देऊन मुंबईत माटुंग्याच्या आयसीटी या रसायन तंत्रज्ञान संस्थेत पॉलिमरचं, म्हणजे प्लॅस्टिक-रेझिनसारख्या पदार्थांचं, बी.टेक. करावं. रंग, रेझिन, चिकटद्रव्यांच्या कारखान्यांना अशी माणसं लागतात. नावात 'प्लॅस्टिक' आहे म्हणून कुठल्याही नव्या खाजगी कोर्सला पैसे भरू नका. तिचं केमिस्ट्री आणि गणित पक्कं आहे ना, तेवढं कॉलेजातल्या सरांना विचारा.

आणि होडी पेटवून जागा मोकळी करायचा विचार असेल तर नको, तो धूर वाईट. हातभर तुकडा कापून लेकीला द्या, खेळू दे.