पाच वेळा खोडलेला मेसेज

मला ताई म्हणालीस, म्हणून एकेरीच लिहिते. माझ्यासारखीच तूही ऑटिस्टिक आहेस. तुझा प्रश्न थोडक्यात असा : पक्षी बघणाऱ्या १४ जणांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तू एका फोटोखाली लिहिलंस, "ही टिटवी नाही, माळटिटवी आहे." उत्तर आलं, "किती तुसडेपणानं सांगतेस!" तेव्हापासून प्रत्येक मेसेज पाच वेळा खोडतेस, शेवटी पाठवतच नाहीस. आता ग्रुप सोडावा का, असं विचारलंयस.

आधी टिटवीचं. डोळ्यापुढची झालर पिवळी होती ना? मग माळटिटवीच. तुझं बरोबर होतं, आणि हे तुला तिथं कुणीतरी सांगायला हवं होतं.

मास्किंग, म्हणजे चारचौघांसारखं दिसावं म्हणून आपलं ऑटिस्टिक वागणं लपवणं, म्हटलं की लोकांना ओढूनताणून डोळ्यांत बघणं, नको तिथं हसणं आठवतं. फोनवर कसला आलाय मुखवटा, असं वाटतं. पण समोरच्यानं दोन बदाम टाकले की आपणही मोजून दोन टाकायचे, लगेच उत्तर दिलं तर उतावीळ दिसू म्हणून घड्याळ बघत दहा मिनिटं थांबायचं, हे तेच आहे. मी वर्षानुवर्षं केलंय. २०१९ साली ब्रिटनमधल्या संशोधकांनी हे मोजायला २५ विधानांची प्रश्नावली केली. आपली लक्षणं झाकणं, संभाषणाची तयार वाक्यं पाठ ठेवणं, मन नसताना घोळक्यात मिसळणं, सगळं त्यात येतं. मराठीत आपल्याला 'स्वमग्न' म्हणतात. तो शब्द मला सलतो. दिवसभर समोरच्याला काय वाटेल याच विचारात असलेलं माणूस स्वतःत मग्न कसं?

लहान ग्रुपात हे जास्त जड जातं. दोनशे जणांत तुझं गप्प असणं कुणाच्या लक्षात येत नाही, १४ जणांत येतं. "रागावलीस का?" असं कुणीतरी विचारतं आणि रागावलो नाही हे पटवायला आपण आणखी एक मुखवटा चढवतो.

माझा भरतकामाचा ११ बायकांचा ग्रुप होता. जानेवारीत गड्ड्याला, म्हणजे सोलापूरच्या सिद्धेश्वर यात्रेला, जायचं ठरलं. मी लिहिलं, "हो हो, मज्जा येईल!" मला जायचंच नव्हतं. होम मैदानावर पिपाण्या, आकाशपाळण्यांचे भोंगे, चारी बाजूंनी गर्दी. घरी आल्यावर दोन दिवस तोंडातून शब्द फुटेना. यंत्रमागाच्या खडखडाटात मी लहानाची मोठी झाले, तो आवाज मला कधी टोचला नाही. त्याला ताल असतो, पुढचा ठोका ठाऊक असतो. "तुला तर आवाजाची सवय आहे" म्हणणाऱ्यांना हे तेव्हा सांगताच आलं नाही. आठवड्यानं काही न बोलता ग्रुप सोडला. त्यात दोन फार चांगल्या मैत्रिणी दुरावल्या, त्याचं आजही वाईट वाटतं.

असं दीर्घकाळ चालतं तेव्हा थकवा झोपून जात नाही. आधी सहज जमणारी कामंही जमेनाशी होतात, आवाज-उजेड सोसवत नाही. याला ऑटिस्टिक बर्नआउट म्हणतात. ही लक्षणं दिसत असतील, किंवा जिवाचं बरंवाईट करावंसं वाटत असेल, तर ग्रुपचं राहू दे, आधी मानसोपचारतज्ज्ञाला भेट.

तसं काही नसेल तर ग्रुप सोडू नकोस. एका दिवसात सगळा मुखवटाही उतरवू नकोस. त्यातले एक जण तुझ्या ऑफिसातले आहेत म्हणालीस, तेव्हा निदानाबद्दल तिथं बोलायची काहीच गरज नाही. फक्त आपली रीत एकदा सांगून टाक : "मी सगळं वाचते, उत्तर रात्री देते. गप्प असले तर रागावलेली नसते. ओळख चुकली असेल तर सरळ सांगते, त्यात राग नसतो." डेमियन मिल्टन या स्वतः ऑटिस्टिक असलेल्या ब्रिटिश समाजशास्त्रज्ञानं २०१२ साली मांडलं की हा गैरसमज दोन्ही बाजूंनी होतो. साध्या वाक्यात तुसडेपणा वाचणाऱ्यांचीही समजण्यात चूक झाली होती. निम्मे कष्ट त्यांनी घ्यावेत.

आणि एखादं ठरलेलं काम मागून घे. हिप्परग्याच्या तलावावर किंवा नान्नजच्या माळढोक अभयारण्यात जाऊन आल्यावर पक्ष्यांची यादी तू करायचीस, असं काही. मी आताच्या ग्रुपात दोऱ्यांच्या रंगांचे क्रमांक लिहून ठेवते. इतर दिवशी मी बोलले नाही तरी आता कुणी विचारत नाही.

मेसेज मला आधी दाखवायचा असेल तर जरूर दाखव. फक्त पाचव्यांदा नीट केलेला नको, पहिल्यांदा लिहिलेला पाठव.