वाचक विचारतात : मिक्सर लॅपटॉपला लावला, पण आवाज विहिरीतून का येतो?

प्रश्न : नमस्कार दादा, आमचं भजनी मंडळ आहे. मंडळाचा ८ चॅनलचा साधा मिक्सर आहे, माइक आहेत, वायरी आहेत, तर म्हटलं आषाढीच्या आधी चार अभंग घरीच रेकॉर्ड करून टाकू. मिक्सरच्या मेन आऊटमधून पी-३८ (जाड पिन) टू ईपी (हेडफोनची बारीक पिन) वायर काढून लॅपटॉपच्या हेडफोनच्या भोकात घातली. रेकॉर्ड होतंय, पण विहिरीत उतरून गातोय असं वाटतं. मग दुकानदाराने एक वाय पिन दिली, ती लावल्यावर आवाज जवळ आला पण फाटायला लागला, आणि मागे सतत घूंऽऽ. आता सगळे म्हणतात इंटरफेस (आवाज कॉम्प्युटरमध्ये घालायची डबी) घे. खरंच लागतो का, की सेटिंगच चुकतंय?
– एक वाचक, कराड

उत्तर : आधी एक करून बघा. वाय पिन काढा, पहिली वायर परत लावा, रेकॉर्डिंग चालू करा आणि स्क्रीनच्या वर कॅमेऱ्याशेजारी जे बारीक छिद्र असतं (काही लॅपटॉपला ते कीबोर्डजवळ असतं) तिथे नखाने हलकं खरवडा. स्क्रीनवरची रेघ टुणकन उडाली ना? मग तुमचा अभंग मिक्सरमधून आत गेलाच नव्हता, लॅपटॉपच्या स्वतःच्या माइकने खोलीतला आवाज उचलला होता. विहीर म्हणजे तुमची खोलीच. यात लाजण्यासारखं काही नाही, मी स्वतः एकदा दोन तासांची तालीम अशीच रेकॉर्ड केली होती, मिक्सरवर ट्रेबल-बास फिरवत बसलो होतो तो वेगळाच, आणि नंतर ऐकायला बसलो तर आतल्या खोलीतल्या कुकरच्या तीन शिट्ट्या गायकापेक्षा स्वच्छ!

असं होतं कारण आताच्या लॅपटॉपला एकच भोक असतं आणि त्यात चार कप्पे असतात, डावा, उजवा, ग्राउंड आणि माइक. तुमची ईपी पिन नीट बघा, तिच्यावर दोनच काळ्या पट्ट्या दिसतील, म्हणजे तीन कप्पे. लॅपटॉपला वाटतं हेडफोन लावलाय. म्हणजे लॅपटॉपचं आऊट आणि मिक्सरचं आऊट एकमेकांच्या तोंडावर, आत काही जात नाही.

वाय पिनने माइकचा कप्पा वेगळा काढून दिला, म्हणून आवाज आत गेला. पण तो कप्पा माइकसाठीच आहे. माइकमधून काही मिलिव्होल्ट येतात, म्हणजे व्होल्टचा हजारावा भाग, आणि मिक्सरच्या मेन आऊटला प्रोफेशनल लेव्हल धरली तर +४ डीबीयू, म्हणजे साधारण १.२३ व्होल्ट. शेकडो पट जास्त. मग फाटणारच. आणि विंडोजमध्ये माइकचा स्लायडर १० वर आणून फायदा नसतो, कारण आवाज त्याच्या आधीच फाटलेला असतो, फाटलेला कपडा घडी घालून लहान केला तरी फाटलेलाच. मिक्सरचा मास्टर अगदी खाली घेतला तर फाटणं थांबेल, पण मग शूंऽऽ ऐकू येईल. वर तो कप्पा मोनो, म्हणजे डावा-उजवा वेगळा नाही.

तर हो, इंटरफेस घ्या, पण महागडा नको. तुम्हाला माइकचे प्रीअँप (माइकचा बारीक सिग्नल मोठा करणारे) विकत घ्यायचे नाहीयेत, ते मिक्सरमध्ये आहेतच. तुम्हाला फक्त दोन लाइन इन (मिक्सरसारखा मोठा सिग्नल घेणारी भोकं) हवेत. मिक्सरच्या मागे किंवा वर लाल-पांढऱ्या आरसीएचं टेप आऊट किंवा रेक आऊट असेल तर बेहरिंगरच्या यूसीए२२२ सारखी छोटी आरसीएवाली डबी पुरते, आरसीए टू आरसीए वायर लावली की काम झालं. तिथली लेव्हलही कमी असते, -१० डीबीव्ही, साधारण पाव-अर्ध्या व्होल्टच्या मधली. जरा मोठा इंटरफेस घेणार असाल तर एक माइक इन आणि एक गिटार इन असा वाला घेऊ नका, दोन्हीकडे लाइन लागली पाहिजे हे दुकानातच बघून घ्या. त्यात पी-३८ घाला, कॅनन (माइकची तीन काड्यांची गोल पिन, एक्सएलआर) नको, कारण बऱ्याच इंटरफेसमध्ये कॅनन घातली की परत माइकच्या प्रीअँपमधून जातं. आणि इन्स्ट्रुमेंटचं बटण बंद.

घूंऽऽ चं वेगळं. लॅपटॉपचा चार्जर काढून बघा. गेलं? मग ग्राउंड लूप आहे, म्हणजे दोन्ही वस्तूंच्या अर्थमधून वायरीत फिरणारा करंट, आपल्या ५० हर्ट्झच्या लाइटचाच आवाज तो. मिक्सर आणि लॅपटॉप एकाच एक्स्टेंशन बोर्डावर घ्या, तरी राहिलं तर टेक चार्जर काढून बॅटरीवर करा किंवा आरसीएचा ग्राउंड लूप आयसोलेटर मधे टाका. कोणीतरी हुशार माणूस तुम्हाला प्लगची अर्थची पिन मोडायला सांगेल. अजिबात मोडू नका, मिक्सरची बॉडी पत्र्याची आहे आणि गाणाऱ्याचे ओठ लोखंडी जाळीच्या माइकला लागलेले असतात.

लेव्हल ठेवताना मिक्सरचे दिवे ० च्या आसपास, आणि सॉफ्टवेअरमध्ये (ऑडॅसिटी फुकट आहे, तेच घ्या) पखवाजाची जोरातली थाप -६ च्या वर जाऊ देऊ नका. आणि एक जुनी युक्ती, गाणाऱ्यांच्या माइकचा पॅन (आवाज डाव्या-उजव्या बाजूला नेणारं बटण) पूर्ण डावीकडे, पखवाज-पेटीचा पूर्ण उजवीकडे, मग एकाच स्टिरिओ रेकॉर्डिंगमधून दोन वेगळे ट्रॅक मिळतात, नंतर गाणं वर-खाली करता येतं. थोडा एकाचा आवाज दुसऱ्यात जाईलच. टाळ तर सगळ्या माइकमध्ये जातो, त्याला इलाज नाही, टाळकऱ्यांना दाराशी बसवा.

प्रश्न : माझ्या मिक्सरला यूएसबी आहे तरी लॅपटॉपवर दिसत नाही. केबल खराब असेल का?
– एक वाचक, लातूर

उत्तर : भोक चपटं आहे का? मग ते बहुतेक पेनड्राइव्ह लावून गाणी वाजवायचं आहे. कॉम्प्युटरला जोडायचं असतं ते बहुतेक मिक्सरला चौकोनी असतं, प्रिंटरला असतं तसं. दोन्हीकडे चपटी पिन असलेली केबल मिळते, ती आणून प्रयोग करू नका, दोन्ही बाजूंनी ५ व्होल्ट येतात.

प्रश्न : दादा, मी गाण्याचे क्लास घेते. इंटरफेस आहे, मिक्सर आहे, पण ट्रॅक ऐकत गायले की माझाच आवाज हेडफोनमध्ये मागून येतो, आणि रेकॉर्डिंगमध्ये माझ्या आवाजाबरोबर ट्रॅकपण परत रेकॉर्ड होतो.
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर : ताई, आवाज मागून येतो कारण तुम्ही तो कॉम्प्युटरमधून फिरून आलेला ऐकताय. सेकंदाला ४८००० नमुने घेताना बफर (एका वेळी साठवायचे नमुने) ५१२ असेल तर नुसते ते भरायलाच १०.७ मिलिसेकंद, मग परत बाहेर यायला तेवढेच, वर ड्रायव्हरचं वेगळं. सॉफ्टवेअरमधलं मॉनिटरिंग (आपलाच आवाज परत ऐकवणं) बंद करा आणि हेडफोन मिक्सरला लावा, तिथे तुमचा आवाज लगेच येतो.

ट्रॅकचं म्हणाल तर इंटरफेसचं आऊट तुम्ही मिक्सरच्या एखाद्या चॅनलला लावलं असणार. तो चॅनल मेनला जातो, मेन परत इंटरफेसला, गोल गोल. ते आऊट काढून टू-ट्रॅक इन किंवा टेप इनला लावा आणि तिथलं ‘टू मेन’ बटण वर (न दाबलेलं), फक्त हेडफोनवालं खाली (दाबलेलं). हे बटणच नसेल तर हेडफोन इंटरफेसला लावून त्याचं डायरेक्ट मॉनिटर (आत येणारा आवाज थेट हेडफोनला देणारं बटण) चालू करा. तानपुऱ्याचं अॅप मोबाइलवरून मिक्सरला जोडलं असेल तर तेही काढा, नाहीतर तुमच्या आवाजातून तो नंतर वेगळा करता येणार नाही, तानपुरा आधी वेगळ्या ट्रॅकवर घेऊन ठेवा.